ईबीग्रस्त मुलांच्या ड्रेसिंगसाठी दरमहा मदतीचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

एपिडर्मोलायसिस बुलोसा, अर्थात ‘ईबी’, हा दुर्मीळ जनुकीय त्वचाविकार असलेल्या मुलांच्या कुटुंबांना आमची संस्था ड्रेसिंगचे साहित्य पुरवते. हा पुरवठा खंडित होऊ नये, यासाठी आपल्या मदतीची विनंती करीत आहोत.

त्वचेचा वरचा थर खालच्या थराशी काही विशिष्ट प्रथिनांमुळे घट्ट जोडलेला असतो. ईबीमध्ये त्यांपैकी एखाद्या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. त्यामुळे कपड्याची शिवण घासली, चपलेचा पट्टा लागला किंवा कोणी कौतुकाने काखेत हात घालून उचलले, तरी कातडी सुटून फोड येतो. तीव्र प्रकारांत तोंडात आणि अन्ननलिकेतही फोड येतात व घास गिळणे अवघड होते; काही मुलांच्या हातांची बोटे जखमा भरताना एकमेकांना चिकटत जातात. हा विकार संसर्गजन्य नाही, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण शेजारची मुले अजूनही दूर ठेवली जातात. अनेक घरांत आईलाच बोल लावला जातो, तेही निराधार आहे. अप्रभावी प्रकारात, म्हणजे दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तरच होणाऱ्या प्रकारात, आई आणि वडील असे दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात, स्वतः निरोगी असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला विकार होण्याची शक्यता 25 टक्के असते.

या घरांतला दिवस ड्रेसिंगभोवती फिरतो. आधी वेदनाशामक औषध द्यायचे, ते लागू पडेपर्यंत थांबायचे, मग कोमट पाण्यात जुनी पट्टी भिजवून ती आपणहून सैल होण्याची वाट पाहायची. ओढली तर पट्टीबरोबर कातडीही येते. नवा फोड निर्जंतुक सुईने खालच्या कडेला टोचून त्यातले पाणी काढायचे, वरची साल मात्र तशीच ठेवायची. त्यावर न चिकटणारी सिलिकॉनची जाळी, तिच्यावर स्राव शोषणारा फोम आणि शेवटी नळीसारखे सैल बँडेज. अंगभर जखमा असलेल्या मुलाच्या बाबतीत यात काही तास जातात, आणि एक-दोन दिवसांत हे सारे पुन्हा करायचे असते. म्हणूनच आई-वडिलांपैकी एकाची नोकरी बहुधा सुटते, आणि खर्च वाढतो तो नेमका तेव्हाच.

डिस्ट्रॉफिक ईबी या ईबीच्या एका प्रकारातील जखमांवर लावायच्या जनुकीय उपचाराच्या जेलला 2023 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, ही आशेची गोष्ट आहे. मात्र ते अतिशय महाग आहे, वारंवार लावावे लागते आणि त्याने विकार मुळातून जात नाही. बहुतेक कुटुंबांचा आधार आजही ड्रेसिंग हाच आहे. ब्रिटनमध्ये 1978 साली मुलगी ईबीग्रस्त असलेल्या फिलिस हिल्टन या आईने ‘डेब्रा’ ही संस्था सुरू केली. तिला मुलीचेच नाव दिले. आज त्या नावाने अनेक देशांत काम चालते. आमचे काम त्या मानाने फारच लहान आहे, पण गरज तीच आहे.

आमची विनंती अशी की, शक्य असल्यास एकदाच मोठी रक्कम देण्याऐवजी लहान रक्कम दरमहा द्यावी. फोड महिना पाहून येत नाहीत, आणि साहित्य संपले की पालक पट्टी बदलणे लांबवतात किंवा कापसावर भागवतात. कापूस जखमेत रुततो. वस्तुरूपाने मदत करणाऱ्यांनी सीलबंद सिलिकॉन ड्रेसिंग किंवा धुऊन मऊ झालेले, बटणे व लेबले काढलेले सुती कपडे द्यावेत. चिकटपट्ट्या आणि प्लास्टर कृपया पाठवू नयेत. सद्भावनेने आलेली त्यांची खोकी आमच्या कपाटात तशीच पडून आहेत, कारण या मुलांसाठी त्याहून घातक वस्तू क्वचितच असेल.

देणगी एकरकमी आहे की दरमहा, एवढे सोबत लिहून कळवावे, म्हणजे पुढच्या महिन्याचे साहित्य मागवताना आम्हांला अंदाज राहील.

आपले नम्र,
कार्यकारिणी सदस्य