घाबरत नाही हो, हिशोब करतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत शाळांमधल्या व्हीआरवर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणारं आभासी जग) लेख आला होता. लेख चांगलाय, माहिती भरपूर, पण शेवटी नेहमीचंच, की नवे शिक्षक टेक्नॉलॉजीला बिचकतात, त्यांची मानसिकता बदलली पाहिजे वगैरे. मी बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड (म्हणजे शिकवायचे विषय) भूगोल आणि मराठी, सध्या एका शाळेत इंटर्नशिप चालू आहे, म्हणून म्हटलं आपणच लिहावं कारण आमच्याबद्दल लिहिताना आम्हाला सहसा कोणी विचारत नाही.

तसं विचारतात म्हणा, पण कसं ते सांगते. एमएड किंवा पीएचडी करणारं कोणीतरी अभिवृत्ती मापिका, म्हणजे आमचा कल मोजणारी प्रश्नावली, घेऊन येतं. पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत असे पाच रकाने. बऱ्याचशा मापिकांच्या मुळाशी डेव्हिस यांचं १९८९ चं मॉडेल असतं, म्हणजे एखादी वस्तू माणसाला उपयोगाची वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, यावरून तो ती वापरेल की नाही याचा अंदाज बांधायचा. मॉडेलबद्दल तक्रार नाही. पण प्रश्नावली भरून घेतात कधी, तर डेमोच्या दिवशी. एक हेडसेट, सगळ्या बॅचची लाइन, प्रत्येकाला जेमतेम दोन मिनिटं, कोणी डायनासोर बघून किंचाळतंय, बाकीचे व्हिडिओ काढतायत, आणि लगेच हातात कागद. सगळे ‘पूर्णतः सहमत’ करतात, मीही केलं. मग निष्कर्ष निघतो की छात्राध्यापकांचा (म्हणजे आम्हा शिकाऊ शिक्षकांचा) दृष्टिकोन अत्यंत सकारात्मक आहे, आणि प्रत्यक्ष वर्गात कोणीच वापरत नाही म्हटल्यावर तुमच्यासारखा लेख येतो की हे लोक घाबरतात.

आता पाठ टाचण, म्हणजे तासाचा आराखडा, काढायला बसल्यावर काय होतं ते बघा. तासिका ३५ मिनिटांची, वर्गात साठ पोरं. शाळेकडे पाच हेडसेट आहेत असं धरू (नसतात, पण धरू) आणि प्रत्येकाला चारच मिनिटं दिली तरी बारा गट होतात, म्हणजे ४८ मिनिटं. तासिका तिथेच संपली, शिकवायचं कधी? आणि पाच जण बघत असताना उरलेल्या पंचावन्न जणांनी काय करायचं? त्यात चष्मेवाले वेगळे, वेण्यांवर पट्टा बसत नाही त्या मुली वेगळ्या, एखाद्याला गरगरणारच, आणि दर गटानंतर लेन्सा पुसायच्या त्या वेगळ्या. वय पण बघावं लागतं, मेटाच्या हेडसेटला दहा वर्षांखालच्या मुलांना परवानगीच नाही, आणि दहा ते बाराच्या मुलांचं अकाउंट आईवडिलांनी काढून द्यायचं. आता सहावीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन हे कोण समजावणार.

यावर लोक म्हणतात पुठ्ठ्याचा वापरा, स्वस्त असतो. गूगलने २०१४ मध्ये तो पुठ्ठ्याचा डबा काढला, फोन आत सरकवायचा की झालं व्हीआर. पण फोनमध्ये जायरोस्कोप (फोन कुठे वळला ते ओळखणारा सेन्सर) नसेल तर मान वळवली तरी चित्र वळत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी स्वस्त फोनमध्ये तो नसतोच. शिवाय गूगलनेच २०२१ मध्ये तो डबा विकणं बंद केलं आणि वर्गाला जगभर फिरवून आणणारं एक्सपिडिशन्स अ‍ॅपही त्याच वर्षी गुंडाळलं. काही टूर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये हलवल्या, पण शिक्षकाने अख्ख्या वर्गाला एकत्र फिरवायची सोय गेली ती गेली. त्यावर पाठ बसवलेल्यांनी काय करायचं? खडू-फळा असा अचानक बंद पडत नाही हो.

आणि समजा सगळं मिळालं, तरी पोरं जास्त शिकतात का? कॅलिफोर्नियात पॅराँग आणि मायर यांनी २०१८ मध्ये एक प्रयोग छापला. रक्तपेशींचा धडा काही विद्यार्थ्यांना व्हीआरमधून दिला आणि काहींना साध्या स्लाइड्सवर. व्हीआरवाल्यांना मजा जास्त आली, पण चाचणीत स्लाइडवाले पुढे गेले. मला आवडला तो पुढचा भाग. व्हीआर मध्ये मध्ये थांबवून विद्यार्थ्यांना सारांश लिहायला लावला तर त्यांचं शिकणं सुधारलं आणि आवडही कमी झाली नाही. म्हणजे काम केलं ते थांबवण्याने आणि लिहून घेण्याने, आणि ते कुठे थांबवायचं हे शिक्षकालाच कळावं लागतं. हेडसेट कसा घालायचा ते शिकवणारी वर्कशॉप्स भरपूर होतात, पण कुठे थांबवायचं हे कोणीच शिकवत नाही.

दहावीच्या भूगोलात आपण भारताची तुलना ब्राझीलशी करतो. अ‍ॅमेझॉनचं जंगल साताऱ्यातली पोरं कुठून बघणार, तिथे पाच मिनिटं व्हीआर मिळालं तर मी नक्की वापरीन. पण त्याच पुस्तकाचा पहिला धडा क्षेत्रभेट (प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघणं) आहे, आणि त्यासाठी अजिंक्यताऱ्यावर चालत जाता येतं. ते सोडून क्षेत्रभेटही हेडसेटमध्ये दाखवा असं कोणी सांगितलं तर मी ‘असहमत’च करणार, आणि त्याला कृपया भीती म्हणू नका. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं त्यात पुस्तकातल्या क्यूआर कोडचा मोठा वाटा होता. पोरांच्या दप्तरात आधीच जे पुस्तक होतं त्यालाच त्यांनी वाढवलं.

मग व्हीआर नको का? हवंय, पण आधी आम्हाला. आमचे सूक्ष्म पाठ (सरावाचे छोटे पाठ) कसे होतात माहितीये का, आमच्याच बॅचची पंचविशीतली माणसं बाकावर बसून सातवीतली मुलं झाल्याचं नाटक करतात. कोणी त्रास देत नाही, सगळे शहाण्यासारखी उत्तरं देतात कारण पुढचा पाठ त्यांचा असतो आणि त्यांनाही मार्क हवे असतात. तिथून थेट साठ पोरांच्या वर्गात, मागच्या बाकावर मारामारी, पुढचा रडतोय, आणि निरीक्षणाला मॅडम वही घेऊन बसलेल्या. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाने टीचलाइव्ह नावाचा खोटा वर्ग केलाय, पडद्यावर पाच-सहा अवतार विद्यार्थी असतात, मागून एक माणूस त्यांना चालवतो, ते उलट बोलतात, लक्ष देत नाहीत, आणि शिकाऊ शिक्षक त्यांच्यावर सराव करतो. चुकलं की थांबवून परत. खऱ्या पोरांचं नुकसान होत नाही. आमच्या कॉलेजांना असं काही, मराठी बोलणाऱ्या पोरांचं, मिळालं तर आम्ही रात्री थांबून वापरू, एकच हेडसेट असला तरी चालेल कारण तिथे एका वेळी एकच जण लागतो.

मापिका भरून घेणाऱ्या संशोधकांना एक विनंती. डेमोच्या दिवशी कागद देऊ नका. व्हीआर घेऊन एक पाठ वर्गात होऊ द्या, मग या, आणि त्यात एवढा एक प्रश्न वाढवा, की या पाठाला तुमच्या निरीक्षकांनी किती मार्क दिले?

आपली,
एक छात्राध्यापिका, सातारा