एनसीपीएतील अनोळखी मदतनिसांचे आभार

मुंबईत नरिमन पॉइंट येथील एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या कलाकेंद्रात) गायनाच्या मैफलीसाठी गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या आईला घेऊन गेलो असता, तिच्यासाठी चाकांची खुर्ची आणणारे सुरक्षारक्षक, पायऱ्या टाळून आत नेणारी कर्मचारी तरुणी आणि न मागता कडेची जागा देऊन स्वतः मागे जाऊन बसलेले रसिक गृहस्थ (त्यांचे तिकीट आमच्याहून महागाचे असावे!) यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. जे. आर. डी. टाटा व जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने १९६९ साली स्थापन झालेल्या या ना-नफा संस्थेच्या, १९८० मध्ये खुल्या झालेल्या टाटा थिएटरची ध्वनिरचना वाखाणली जाते. तिथे मंद्रातला षड्ज (खालच्या सप्तकातला ‘सा’) आईला निवांतपणे ऐकता आला, तो आपल्यामुळेच.