हवाई सर्वेक्षण म्हणजे सापडलेला साठा नव्हे

महोदय,

हेलिकॉप्टरला टांगलेले भलेमोठे कडे शेतांवरून फिरू लागले की ‘जमिनीत काहीतरी सापडले’ अशी वदंता उठते, आणि पुष्कळदा बातम्यांतही ‘साठा सापडला’ असेच शब्द येतात. वास्तविक अशा विद्युतचुंबकीय सर्वेक्षणातून कळते ते एवढेच, की खालच्या खडकांतून वीज किती सहज वाहते. जमिनीपासून साधारण ३० मीटरवर असलेल्या त्या कड्यातील विद्युतप्रवाह एकाएकी तोडला, की भूगर्भातील सुवाहक भागांत क्षणभर प्रवाह उमटतात, आणि ते विरत असताना निर्माण होणारे क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. तांबे आणि निकेल यांच्या सल्फाइड खनिजांचे घट्ट साठे असा प्रतिसाद देतात हे खरे. पण ग्राफाइट, ओली चिकणमाती आणि खारे पाणीही तो देतात, आणि जस्ताचे मुख्य खनिज स्फॅलराइट मात्र स्वतः जवळजवळ दुर्वाहक असते. नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोटात राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने हेच तंत्र वापरले, ते तर भूजलासाठी!

म्हणूनच शेवटचा शब्द विंधनाचा, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून खडक तपासण्याचा असतो. कॅनडातील टिमिन्सजवळच्या किड क्रीक येथे टेक्सास गल्फ सल्फर या कंपनीला हवाई मोजणीत १९५९ मध्ये खूण मिळाली, परंतु तांबे आणि जस्त हाती लागले ते नोव्हेंबर १९६३ मधील पहिल्या विंधनात. यापुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. कंपनीने ही गोष्ट गुप्त ठेवून आसपासच्या जमिनी मिळवल्या, आतल्या काही मंडळींनी तेवढ्यात तिचे शेअर घेतले, आणि एप्रिल १९६४ मध्ये चार दिवसांच्या अंतराने आधी अफवांना थंड करणारे व मग मोठा साठा जाहीर करणारे अशी दोन निवेदने निघाली. आतली माहिती उघड न करता तिच्या जोरावर शेअर घेता येत नाहीत, हा १९६८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने दिलेला निकाल शेअर बाजाराच्या कायद्यात आजही आधार मानला जातो. ज्यांनी माहितीअभावी जमिनीवरचे हक्क सोडले, त्यांच्या पदरात मात्र या निकालाने काही पडले नाही, कारण तो खटला त्यांचा नव्हताच.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या खनिजसंपन्न जिल्ह्यांत अशी उड्डाणे होतील तेव्हा हा धडा आपल्या कामाचा आहे. उड्डाणापूर्वी ग्रामसभेला मराठीत सांगावे, की कशाचा शोध चालू आहे, हे तंत्र काही शे मीटरपलीकडे सहसा पाहू शकत नाही आणि नकाशावर सुवाहक भाग दाखवणारा लाल ठिपका म्हणजे धातू नव्हे. तसेच सरकारी खर्चाने झालेल्या मोजणीचे नकाशे आणि त्यानंतरच्या विंधनांचे निष्कर्ष, खडक रिकामा निघाला असला तरीही, ठरावीक मुदतीत तहसील कार्यालयात पाहायला ठेवावेत. जमिनीच्या दलालांना बातमी आधी कळते. निदान रिकाम्या निघालेल्या विंधनाची तरी ती शेतकऱ्याला वेळेवर कळावी.

— भूशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, नागपूर