पहिला फोन कुणाला करायचा?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जैविक दहशतवादाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे ठरलेलं चित्र येतं. नखशिखांत झाकलेले जवान, तंबू, फवारे. पण जंतूंच्या हल्ल्याला स्फोटाचा आवाज नसतो. जंतू शरीरात शिरले तरी लक्षणं दिसायला वेळ लागतो. देवीसारख्या रोगात तर साधारण १० ते १४ दिवस. तेवढ्यात माणूस प्रवास करून आपल्या गावी पोचलेला असतो आणि अंगात ताप भरला की जवळच्या दवाखान्यात जातो. तिथे एखादी परिचारिका असते, नाहीतर चार गावं सांभाळणारा एखादा डॉक्टर. ओळखायचं काम त्यांच्यावर येतं. जवान येणार ते त्यानंतर.

माझी सगळी नोकरी ग्रामीण रुग्णसेवेत गेली. या विषयावरच्या एका प्रशिक्षणालाही मी बसलो होतो. दिवसभर जंतूंच्या याद्या आणि संरक्षक पोशाखांच्या चित्रफिती. शेवटी एका परिचारिकेने विचारलं, ‘रात्री अकरा वाजता मला शंका आली तर फोन कुणाला करू?’ व्याख्यात्यांनी पुढचा प्रश्न घेतला. माझ्या मते त्या दिवशी विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच होता.

१९८४ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात द डॅलेस या छोट्या गावात काय झालं ते पाहा. रजनीश यांच्या कम्यूनमधल्या काही अनुयायांनी स्थानिक निवडणुकीतलं मतदान कमी व्हावं म्हणून १० उपाहारगृहांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले. ७५१ लोक आजारी पडले. कुणी दगावलं नाही, हे नशीब. जुलाब-उलट्यांची साथ आहे हे लवकर कळलं, पण दोष गेला स्वयंपाकघरातल्या कामगारांच्या अस्वच्छ हातांवर. हे मुद्दाम केलेलं कृत्य होतं, हे सिद्ध व्हायला वर्ष लागलं. एकाच वेळी अनेक ठिकाणचे, एकमेकांशी संबंध नसलेले लोक एकाच जंतूने आजारी पडतात, ही विसंगती डोळ्यांत खुपायला हवी. प्रशिक्षण द्यायचं ते या खुपण्याचं.

दुसरं उदाहरण २००१ च्या ऑक्टोबरमधलं. फ्लोरिडात तापाने भ्रमिष्ट झालेला एक रुग्ण रुग्णालयात आला. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. काठीसारखे जंतू दिसताच त्यांच्या मनात अँथ्रॅक्सची, म्हणजे आपल्या काळपुळीची शंका आली आणि त्यांनी ती लगेच आरोग्य खात्याला कळवली. रुग्ण वाचला नाही, पण टपालातून पसरवलेल्या जंतूंचा सुगावा तिथूनच लागला. त्याच महिन्यात वॉशिंग्टनमधला एक अँथ्रॅक्स झालेला टपाल कर्मचारी, रोग ओळखला न गेल्यामुळे, रुग्णालयातून घरी पाठवला गेला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्या हल्ल्यात एकूण २२ जण आजारी पडले, ५ गेले. फ्लोरिडात कामी आला तो साधा सूक्ष्मदर्शक आणि विचित्र वाटलेली गोष्ट बोलून दाखवण्याची तयारी.

शिकवायचं ते फार नाही. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, तळहात-तळपायांवरही, आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेतले. कांजिण्यांचे धडावर जास्त आणि टप्प्याटप्प्याने आलेले, म्हणजे एक वाळतोय तर शेजारचा नुकताच उठतोय. त्वचेवरच्या अँथ्रॅक्सचा व्रण काळा पडतो, पण दुखत नाही. ताप नसताना, शुद्ध पूर्ण असताना पापण्या मिटू लागल्या आणि अशक्तपणा वरून खाली उतरू लागला, तर बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने येणारा लुळेपणा, आठवावा. वर्षातून एकदा अर्धा दिवस चित्रं दाखवून एवढं होतं.

अवघड आहे ती भीती. शंका खोटी ठरली तर वरिष्ठ झापतील, गावात हसं होईल, म्हणून शहाणी माणसंही गप्प बसतात. मीही बसलो आहे. दहातले नऊ फोन फुकट जातील, हे गृहीतच धरायला हवं. शिवाय ते खरोखर फुकट जात नाहीत. त्यातून दूषित पाण्याची किंवा गोवराची साधी साथ वेळेवर सापडते, आणि गावाला नेहमी गाठते ती तीच.

आणखी एक. या वर्गात पशुवैद्याला बोलवायला कुणालाच सुचत नाही. १९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत सुटले. तो हल्ला नव्हता, अपघात होता. किमान ६६ माणसं मेली. सरकार मात्र दूषित मांसाचं कारण सांगत राहिलं, आणि लष्कराचा हात असल्याची कबुली १९९२ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी दिली. माणसं मेली ती शहरात, केंद्रापासून चारेक किलोमीटरच्या पट्ट्यात. जनावरं मात्र वाऱ्याच्या त्याच दिशेला पन्नासेक किलोमीटरपर्यंतच्या खेड्यांत मेली. तिथल्या गोठ्यांत प्रथम जाणारा माणूस डॉक्टर नव्हे, पशुवैद्य.

तेव्हा पुढचं प्रशिक्षण आखणाऱ्यांना एवढंच सुचवतो: संरक्षक पोशाखाची चित्रफीत निम्मी करा, पशुवैद्याला पहिल्या बाकावर बसवा आणि चोवीस तास माणूस उचलेल असा एक फोन नंबर प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावा. तो लावण्याआधी एकदा रात्री अकरा वाजता स्वतः फिरवून बघा.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी