आवाज ऐकायला शिकवणाऱ्या तबलेवाल्या काकांना

बडोदे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तबले चढवण्याचं रोजचं काम बाजूला ठेवून तुम्ही यंदा आमच्या दुसरी ते चौथीच्या वर्गांना वेळ दिलात. त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या पद्धती इतर शाळांतल्या शिक्षकांनाही वापरता याव्यात, म्हणून हे पत्र सर्वांसाठी खुलं ठेवतो आहोत आणि बारकावेही यातच लिहितो आहोत.

सगळ्यात मोठं ऋण क्रमाचं आहे. ‘कंपनामुळे ध्वनी निर्माण होतो’ हे वाक्य फळ्यावर सगळ्यात शेवटी यावं, असा तुमचा आग्रह होता. आधी कानांनी ऐकायचं, मग हाताने चाचपायचं आणि त्यानंतर नाव द्यायचं. हा क्रम उलटला की मुलं वाक्य पाठ करतात आणि ऐकणं तिथेच थांबतं.

मुलं गप्प बसत नाहीत, ही प्रत्येक शिक्षकाची तक्रार असते. गप्प बसा म्हणण्याऐवजी कानांना काम द्या, हा तुमचा उपाय शहरातल्या कमाटी बागेत लागू पडला. पुठ्ठ्याला लावलेल्या पाठकोऱ्या कागदाच्या मध्यभागी फुली काढायची. ती फुली म्हणजे मूल स्वतः. समोरचा आवाज फुलीच्या वर, मागचा खाली, जवळचा फुलीला लागून, लांबचा कागदाच्या कडेला. शब्द लिहायचे नाहीत, फक्त खुणा करायच्या: सलग आवाजाला रेघ, तुटक आवाजाला ठिपके, चढत जाणाऱ्याला वर जाणारी रेघ. शब्द लिहायला लावले की मूल जोडाक्षरात अडकतं आणि तेवढ्यात दोन-तीन आवाज निघून जातात. दुसरीला दोन मिनिटं पुरतात, चौथीला चार. मुलांमध्ये चार-पाच पावलांचं अंतर हवं, नाहीतर शेजारच्याचा कागद उतरवला जातो. डोळे मिटायला लावण्यापेक्षा जमिनीवरच्या एखाद्या पानावर नजर ठेवायला सांगणं बरं. डोळे मिटले की खुदुखुदू हसणं सुरू होतं. सकाळी आठच्या आत पोहोचावं, कारण त्यानंतर रस्त्याची घरघर सगळ्या बारीक आवाजांवर पसरते. आणि बसायची जागा विश्वामित्रीच्या काठापासून चांगली लांब निवडावी. नदीत मगरी आहेत, यात हयगय नको.

आवाजांचे हे नकाशे शेजारी शेजारी ठेवले की खरा अभ्यास सुरू होतो. तांबट पक्ष्याची ‘टुक टुक’ एक मूल उजवीकडे दाखवतं, दुसरं डावीकडे. चूक कुणाचीच नसते. हा पक्षी बोलताना मान वळवतो, त्यामुळे आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. तांबट एकाच सुरावर, एकाच लयीत ठोकत राहतो, तर कोकिळाची प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा चढी येते. या दोघांना ऐकलेल्या मुलाला लय आणि स्वर वेगळे करून सांगावे लागत नाहीत. त्यासाठी फेब्रुवारी-मार्चचे दिवस उत्तम.

मोठा आवाज आणि चढा स्वर यांतला गोंधळ मात्र बागेत सुटत नाही. मुलं दोन्हीला ‘मोठा’च म्हणतात. तिथे तुमच्या जुन्या डग्ग्याने, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याने, काम केलं. एकच थाप आधी हळू, मग जोरात: स्वर तोच, आवाज कमी-जास्त. मग मनगट पुडीवर, म्हणजे वरच्या ताणलेल्या कातड्यावर, दाबून तीच थाप: जोर तेवढाच, स्वर चढला. हे प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने करावं. नुसतं पाहून समजत नाही. तबल्याच्या गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या जाड वेणीवर, वरून हातोडी मारली की वादी, म्हणजे पुडी बांधणारी कातड्याची पट्टी, ताणली जाते आणि स्वर चढतो, खालून मारली की उतरतो. हे तुम्हीच करून दाखवलंत आणि हातोडी मुलांच्या हाती दिली नाहीत, तेही योग्यच झालं. नेम चुकला तर पुडी फाटते. जुलैत आपोआप उतरलेला तबला ऐकवलात, तेव्हा दमट हवेने कातडं सैल पडतं हे तिसरीच्या मुलांनी स्वतःच ओळखलं. शाईमुळे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोल थरामुळे, तबल्याला डफासारखा नुसता धप्प आवाज न येता नेमका स्वर कसा मिळतो, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात लिहिलं होतं. शिक्षकांनी एवढं माहीत करून घ्यावं, मुलांना तूर्त गरज नाही.

कंपन दाखवायला वाडग्यावर फुग्याचं रबर ताणून त्यावर चिमूटभर रवा पसरायचा. मोहरी घरंगळते, मीठ पावसाळ्यात चिकटतं. वाडग्याशी तोंड नेऊन ओरडायला लावू नये, कारण श्वासाने रवा उडतो आणि तो आवाजाने उडाला असं मुलं धरून चालतात. वाडग्याशेजारी स्टीलचं ताट वाजवलं की शंका उरत नाही.

तीस सेंटीमीटरच्या पट्टीचा प्रयोगही असाच हाताळावा लागतो. टेबलाबाहेर पंचवीसेक सेंटीमीटर काढून टोक दाबून सोडलं की हलणं दिसतं, पण स्वर येत नाही. हळूहळू आत सरकवलं की हलणं दिसेनासं होतं आणि स्वर येऊन चढत जातो. टेबलावरचा भाग कडेपर्यंत घट्ट दाबलेला हवा. हात सैल असला तर पट्टी टेबलावर आपटते आणि मूल ती आपट ऐकून चुकीचा निष्कर्ष काढतं.

पाण्याचे पेले वाजवणं आणि बाटल्यांत फुंकणं एकाच दिवशी घेऊ नये, ही तुमची सूचना आम्ही अधोरेखित करतो. पाणी वाढवलं की वाजवलेल्या पेल्याचा स्वर उतरतो, फुंकलेल्या बाटलीचा चढतो. पेल्यात काच पाण्यासकट हलते, बाटलीत पाण्यावरची हवा. जलतरंगाचा दिवस वेगळा ठेवला की हा फरक नीट बसतो.

चौथीसाठी ताटाचा खेळ आहेच: दीडशे मीटरवर एकाने हात उंच नेऊन ताट वाजवायचं, बाकीच्यांनी पाहायचं आणि ऐकायचं. आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, त्यामुळे ठोका दिसल्यावर अर्ध्या सेकंदाहून थोड्या कमी वेळात ऐकू येतो.

ज्या शहरात गायक-वादक मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा उभी केली, तिथल्या प्राथमिक शाळांत कान तयार करण्याचं काम तुमच्यासारख्या कारागिरांकडून व्हावं, हे आम्हाला फार योग्य वाटतं. पुस्तकात गट्टा (वादीखालचा लाकडी ठोकळा), वादी, गजरा यांचं चित्र सापडेल, पण वादी ताणली जाताना स्वर कुठे ‘लागला’ हे तुमचा कानच सांगतो.

एक विनंती. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा बदललेल्या, टाकाऊ पुड्या आमच्यासाठी बाजूला ठेवाव्यात. फाटक्या चालतील, शाई शाबूत असली म्हणजे झालं. सुरक्षित कडेची एक शिल्लक डग्ग्याची पुडी मिळाली तर पहिलीच्या वर्गालाही घेता येईल. न्यायला आमच्यापैकी कोणीतरी येईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
प्राथमिक विभागातील शिक्षक