कासदाह तपासणी : दूध उत्पादक सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गुरुवारी सकाळचे दूध संकलन आटोपल्यावर डॉक्टर गोठ्यावर येऊन सुप्त दगडीची (वरून न दिसणाऱ्या कासदाहाची) तपासणी करतील. आठवडाभर दुधाचे फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ) घसरल्याच्या तक्रारी आहेत. ढेप (पेंड) बदलण्याआधी कास तपासा.

तपासणी सोपी आहे. चारही सडांचे थोडे दूध चार खणांच्या पॅडलमध्ये वेगवेगळे घेऊन त्यात जांभळे द्रावण मिसळायचे आणि हलवायचे. चांगले दूध पातळच राहते. दगडीचे दूध शेंबडासारखे घट्ट होते. कास सुजलेली नाही, म्हणजे आजार नाही, हे मनातून काढा. सुप्त दगडी वरून दिसतच नाही.

धार काढल्यावर सडाचे तोंड साधारण अर्धा तास उघडे असते. गाय लगेच चिखलात बसली की जंतू आत शिरतात. म्हणून सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गव्हाणीत वैरण टाका, म्हणजे ती उभी राहील. दगडीच्या गायीची धार सगळ्यात शेवटी काढा. पहिली धार जमिनीवर मारायची सवयही सोडा, ती काळ्या कपात काढा, म्हणजे दुधातल्या गाठी दिसतील.

अँटिबायोटिक सुरू असलेल्या गायीचे दूध डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत संस्थेत घालू नये. चारपैकी एकाच सडात औषधाची ट्यूब सोडली असली तरी चारही सडांचे दूध बाजूला ठेवावे. एका किटलीने सगळ्यांचा टँकर नाकारला जातो.

गाय आटवताना (विण्याआधी धार काढणे बंद करताना) ट्यूब सोडायची असेल तर डॉक्टरांना गुरुवारच्या तपासणीवेळीच विचारून घ्या. कानातला बिल्ला पडला असल्यास तेही सांगा.

— सचिव