बियाण्याच्या पाकिटावर पेरणीचा महिनाही छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात, ऐन मे महिन्यात, आमच्या वस्तीत औषधी वनस्पतींचे बियाणे मोफत वाटण्यात आले. हेतू चांगलाच होता; परंतु अश्वगंधा आणि बहावा या दोन्हींच्या पाकिटांवर ‘ओलसर मातीत पेरा’ एवढी एकच सूचना होती. नागपुरात पारा 45 अंशांच्या आसपास असताना गच्चीवरच्या काळ्या पिशवीतल्या मातीत दुपारी तीन वाजता मी बोटभर खोल थर्मामीटर खुपसला, तर आकडा 48 वर जाऊन थांबला.

अश्वगंधेचे बी 25 अंशांच्या आसपास चांगले रुजते. पाणी शोषून बी फुगले की आतली विकरे जागी होतात आणि साठवलेले अन्न अंकुरासाठी मोकळे करू लागतात; मात्र याच अवस्थेत ते सर्वांत नाजूकही असते. कोरडे बी जी उष्णता निमूटपणे सोसते, ती ओले झालेले बी सोसू शकत नाही आणि अंकुर फुटण्याआधीच कुजते. त्यामुळे उन्हाने वाळते म्हणून आपण मायेने दोनदा पाणी घालतो, तेच बियाच्या मुळावर येते.

बहाव्याची गोष्ट निराळी. त्याच्या बियाचे कवच इतके टणक असते की नुसत्या ओलाव्याने पाणी आत शिरत नाही. उकळून विस्तवावरून उतरवलेल्या पाण्यात ते रात्रभर भिजत ठेवावे लागते. निंबोळीला तर थांबणेच मानवत नाही. पावसाच्या तोंडावर पिकून पडलेली निंबोळी थोड्याच आठवड्यांत उगवणक्षमता गमावू लागते, म्हणून ती वर्षभर साठवून पुढच्या मे महिन्यात वाटण्यात काहीच हशील नाही.

तेव्हा वाटप करणाऱ्यांना विनंती, की पाकिटावर बी गोळा केल्याची तारीख, पेरणीचा महिना आणि पेरणीपूर्वीची प्रक्रिया एवढे तरी छापावे. अश्वगंधेचे वाटप ऑगस्टमध्ये करावे. आपल्याकडचे शेतकरीही तिची पेरणी पाऊस मुरल्यावरच करतात.

माझ्या गच्चीवरच्या पिशव्यांत एकही कोंब आला नाही. अश्वगंधेच्या त्याच पाकिटातले उरलेले बी मी घरात, कुलरच्या वाऱ्यात ठेवलेल्या पसरट कुंडीत टाकले होते. बाराव्या दिवशी तिथे सात रोपे मोजली.

आपला,
एक वाचक, नागपूर